मूळ पदावर

अर्ज चारच ओळींचा. हातानं लिहिला.
माळकरबाई म्हणाल्या, द्या की, टाइप करते.
म्हटलं, नको, यातली चूक माझीच असू दे.
"प्रभारी जल अभियंता पदाच्या कार्यभारातून मुक्त करून
मूळ पदावर ठेवावे, ही विनंती."
विनंतीवर शाई जरा पसरली.

महापालिकेचा जिना उतरेपर्यंत
बातमी माझ्या आधी खाली पोचलेली.
कुणी म्हटलं, चौकशी लागली.
कुणी म्हटलं, सुटला बघ.
पाणपट्टीच्या खिडकीतला बागवान
शिक्का हातात धरून म्हणाला,
"लोक नोकरी सोडत्यात आणि खुर्ची धरून ठेवत्यात.
तुमचं उलटंच की ओ साहेब."

गाडी गेली. तिचा ड्रायव्हर नेजदार
पहिल्या दिवशी मला बघून हात वर करायला गेला,
हात निम्म्यात थांबला
आणि तिथूनच कान खाजवायला वळला.
मीही नोटीस बोर्ड वाचत उभा राहिलो.
बोर्डावर नोटीस नव्हती.

माझ्या जागी ऋतुजा सरनोबत.
शिंगणापूरला उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह
कसा बंद करायचा, ते मीच दाखवलेलं तिला,
नवी होती, ग्रीस दुपट्ट्याला पुसायची.
आता बैठकीत ती "सर" म्हणते आणि अडखळते.
मी "मॅडम" म्हणतो,
भातात खडा लागावा तसं
जीभ एकदा तपासून घेते.

घरी हिनं काही विचारलं नाही.
फक्त दारावरची पाटी पुसताना
"प्रभारी"वर फडकं जरा जास्त वेळ फिरलं.

का सोडलं, ते अर्जात नाही.
पुराच्या त्या आठवड्यात
बालिंग्याचे पंप पाण्याखाली,
शहराभोवती समुद्र आणि नळाला थेंब नाही.
टँकरची यादी माझ्या टेबलावर होती.
एक फोन आला. आवाज चढला नाही, उलट गोडच होता.
यादीत एक बोळ खाली गेली, एक कॉलनी वर.
कुणी माझा हात धरला नव्हता.
पेन माझंच, लेकीनं वाढदिवसाला दिलेलं.
चौकशी झाली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.
त्याचीच वाट बघत मी दोन वर्षं
त्या खुर्चीत बसलो होतो.

सगळंच सोडायची छाती नव्हती.
फ्लॅटचे हप्ते आहेत, लेकीचं शेवटचं वर्ष आहे.
हे उदात्त वगैरे काही नाही, हे मला ठाऊक आहे.

हल्ली रात्रपाळी मागून घेतो. गळती शोधायची.
वर्दळ थांबली की अस्लम मुल्लाणी आणि मी,
एक बॅटरी आणि ती लोखंडी काठी.
काठीचं टोक डांबरावर, माथा कानाला,
आणि श्वास धरून ऐकायचं.
साहेब होतो तेव्हा हे ऐकू येणं बंद झालं होतं,
की मी काठीच उचलली नव्हती, कोण जाणे.

परवा शुक्रवार पेठेत, तीच बोळ.
भिंतीवर पुराची रेघ अजून आहे, माझ्या खांद्याइतकी.
मी रस्त्यावर गुडघे टेकून कान लावलेला,
तेवढ्यात वरची खिडकी उघडली.
"कोण हाय रं तितं?"
म्हातारा आवाज, झोपमोड झालेला.
अठ्ठावीस वर्षांत या प्रश्नाला
दरवेळी हुद्दा पुढं केला होता.
तोंडाला आलेला गिळला. म्हटलं,
"पाण्याचा माणूस, आजी."

थोडा वेळ काहीच नाही.
मग खिडकीतून, रागानं नव्हे,
माहिती विचारावी तसं,
"मग तवा कुटं हुतास?"

अस्लमनं बॅटरी विझवली.
मी पुन्हा काठीला कान लावला.
खाली कुठंतरी पाणी चाललं होतं,
बारीक, न थांबता,
जिथं जायला हवं तिथं न पोचता.
"हितंच," मी म्हटलं, "खूण कर."
अस्लमनं खडू काढला.
खिडकी अजून उघडीच होती.